टेबलाचं दुसरं टोक

“काही म्हणा मॅडम, पण तुमच्या हिमतीची कमाल आहे. फेब्रुवारीत मेश्राम सरांना ताप आहे हे माहीत असूनही तुम्ही त्यांच्या डब्यात हात घातला. आमच्यानं तर नसतं झालं बापा,” असं दामिनी काळमेघ म्हणाली आणि पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढून हातावर हात चोळू लागली. तिच्या बाजूनं विषय संपला होता. माया गजभियेचं तोंड मास्कच्या आत उघडंच राहिलं. मास्कचा हा एक गुण मानायला हवा. आत काहीही झालं तरी चारचौघांत माणसाची पत राहते. जूनचा शेवटचा आठवडा होता. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, त्याआधी उघडल्या तर मुलं भाजून निघतील, आणि यंदा तर मुलांना बोलावलंच नव्हतं. फक्त मास्तरांची शाळा भरली होती. स्टाफरूमचा कूलर पाण्याविना नुसता गरम वारा फेकत होता आणि तरीही सगळे त्याच्यासमोरच बसले होते, कारण वारा गरम असला तरी कूलरचा होता. दुपारी हॉलमध्ये सत्कार होता. गेल्या सत्रात जे शिक्षक आजारातून उठले त्यांना ‘कोरोना योद्धा’ म्हणून शाल आणि नारळ द्यायचं मुख्याध्यापक झाडे सरांनी ठरवलं होतं, आणि योद्ध्यांत पहिलं नाव भूगोलाच्या गजभिये मॅडमचं होतं. माया त्या बेतानं इस्त्रीची साडी नेसून आली होती. आता ती साडी अंगाला टोचायला लागली.

माहीत असूनही. तिनं ते दोन शब्द तोंडात घोळवून पाहिले. फेब्रुवारीपासून ती नेमक्या उलट्या वाक्यावर उभी होती. कोणालाच माहीत नव्हतं, हे ते वाक्य. त्यावर तिनं मनावरचं सगळं ओझं एकावर एक रचून ठेवलं होतं, आणि सगळ्यात खाली आनंदराव होते. आनंदराव म्हणजे तिचे मालक, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. “अगा, जिंदगीभर राख खाल्ली मी कोराडीची. हा कोरोना कोण लागून गेला?” असं ते मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गल्लीत प्रत्येकाला थांबवून सांगत होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांना अॅम्ब्युलन्समध्ये घातलं. परत आले तेव्हा अर्धे होऊन आले. पूर्वी सकाळी गॅलरीत उभे राहून पेपर असा मोठ्यानं वाचायचे, की समोरच्या तीन घरांनी पेपर बंद केला होता. आता नुसता मथळा वाचतात आणि पेपर तिच्याकडे सरकवतात. “खालचं तू वाच वं. मले दम लागते.” पलंगापासून गॅलरीपर्यंत जाताना मध्ये एकदा भिंतीला हात लावून थांबतात, आणि आपण थांबलो नसून भिंतीचा रंग पाहतोय असा चेहरा करतात. आजार घरात मायानं आणला हे दोघांनाही कळत होतं. आधी ती पडली, मग ते. तिनं एकदा तसं म्हणूनही पाहिलं, तर ते म्हणाले, “कोणाले माहीत होतं? कोणालेच नाही. मंग चुकलं कोणाचं? सांग बरं.” तिला सांगता आलं नाही, आणि सांगता न आल्याचं इतकं बरं वाटलं की त्या दिवशी ती आजारानंतर पहिल्यांदा पोटभर जेवली.

आणि आनंदरावांच्या वर करिष्मा होती. दहावीच्या वर्गातली, पुढच्या बाकावरची, नकाशात नद्या भरताना जीभ बाहेर काढणारी. तिचे वडील रवींद्र हे शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये माल उतरवून घ्यायचे, आणि पालकसभेला आले की एवढ्याशा बाकावर न बसता मागं भिंतीला टेकून उभे राहायचे, बाक मोडेल म्हणून. एप्रिलमध्ये ते गेले. त्यानंतर काही दिवसांनी करिष्माचा फोन आला होता. रडत नव्हती. शंका विचारायला हात वर करावा तसा तिचा आवाज होता. “मॅडम, पप्पांना माझ्याकडून झालं का हो?” वर्गातली अर्धी मुलं फेब्रुवारीच्या शेवटी तापानं पडली होती, आणि वर्गशिक्षिका त्यांच्या दोन दिवस आधी. हे करिष्मालाही माहीत होतं, पण तिनं तसं विचारलं नाही. तिनं स्वतःचंच विचारलं. माया म्हणाली, “नाही बाळा. ते कोणाकडून होत नसतं. ते येतं.” वारा कुठून येतो, पाऊस कुठून येतो, वैनगंगा कुठून येते, हे आयुष्यभर शिकवलेल्या बाईनं, पोरीला दुसरं काही देता येत नाही म्हणून, ते येतं एवढंच दिलं. फोन ठेवल्यावर तिनं पुन्हा तेच वाक्य पायाखाली घेतलं. कोणालाच माहीत नव्हतं.

“तुम्हाला माहीत होतं?” तिनं दामिनीला विचारलं. आवाज बराच सपाट आला. “म्हंजे काय! सगळ्यांनाच होतं न,” दामिनी म्हणाली. “त्या सोमवारी सकाळीच झाडे सरांनी सांगितलं. मेश्राम सरांना ताप आहे, पण वरून तपासणी येऊन राहिली, शिक्षकांची हजेरी शंभर टक्के दिसली पाहिजे, तवा घरी काही पाठवता येत नाही म्हणे. आपणच थोडं अंतर ठेवा, बोभाटा करू नका. तुमची त्या दिवशी सुपरव्हिजन होती वाटते, पूर्वपरीक्षेची. पण आम्हाला वाटलं, सांगितलंच असन तुम्हाला कोणीतरी.” “कोणी?” “कोणीतरी,” दामिनी म्हणाली. माया त्या माणसाला चांगली ओळखत होती. शाळेतली बरीच कामं त्याच्याकडे असत. मुतारीचा नळ दुरुस्त करणं, वर्गातला पंखा बंद करून जाणं, गैरहजर मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणं, हे सगळं कोणीतरी करायचा. त्याचं नाव मस्टरवर कधी आलं नाही, पण शाळा त्याच्याच भरवशावर चालली होती. “आणि तिसऱ्या दिवशीही सांगावंसं वाटलं नाही? मी तीन दिवस बसले तिथं.” दामिनीनं बाटलीचं झाकण लावलं. “मी उठले होते मॅडम सांगायला, खरंच. पण मागून कोणीतरी म्हणालं, राहू दे, त्या माहीत असून बसल्या असतील. त्यांचं... म्हंजे तुमचं आपसातलं आहे. आपण कशाला मध्ये पडा.”

तुमचं आपसातलं. हे वाक्य दामिनीनं फार हळू म्हटलं होतं, त्यात विष नव्हतं, उलट जपून उचलून ठेवल्यासारखं होतं. मायाला कूलरचा गरम वारा एका कानात शिरून दुसऱ्या कानातून जातोय असं वाटलं. ती या शाळेत रुजू झाली त्या वर्षी स्टाफरूममध्ये उपासांची साथ आली होती. मधल्या सुटीत ती डबा उघडायची आणि कोणाला चतुर्थी आठवायची, कोणाला गुरुवार. एक चित्रकलेचे सर तर वारच नसलेल्या दिवशीही उपास करायचे. कोणी कधी काही बोललं नाही. बोलण्याची या लोकांना गरजच पडायची नाही. फक्त डबे सरकायचे. लांब लाकडी टेबल होतं, त्यावर सगळ्यांचे डबे गोलात मांडले जायचे, ज्याला जे हवं त्यानं त्यातून उचलायचं अशी शाळेची जुनी रीत होती, आणि माया बसली की तो गोल तिच्या बाजूनं थोडासा चपटा व्हायचा. किती सरकला हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. भूगोलाच्या बाईला कळायचं. कागदावरचं एवढंसं अंतर म्हणजे जमिनीवर किती कोस, हा तर तिचा धंदाच होता. मग वर्षं गेली. कोणाचं लग्न झालं, कोणाची बदली, चित्रकलेचे सर उपासानं नाही पण निवृत्त झाले. एकदा नवीन आलेल्या कोणी अजाणता तिची मटका रोटी तोडून खाल्ली, उलट्या मडक्यावर भाजलेली, रुमालासारखी पातळ, आणि असं काही वर्णन केलं की पुढच्या आठवड्यापासून गोल हळूहळू वाटोळा झाला. माफी कोणी मागितली नाही. रोट्या मागितल्या. माया आणत गेली. तिला वाटलं, झालं, गेलं ते. पण अंतर वाचायची जी सवय लागली ती काही डोळ्यांतून गेली नाही. ती नुसती झोपली होती.

प्रेमानंद मेश्राम चार वर्षांपूर्वी विज्ञान शिकवायला आला. विनाअनुदानित तुकडीवर, म्हणजे काम पूर्ण आणि पगार आलाच तर. नाकासमोर चालणारा, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून ठेवणारा माणूस. तो मायाला मॅडम म्हणायचा आणि ती त्याला सर. याच्यापलीकडे दोघं बोलायला कधी गेले नाहीत, कारण टेबलावर आता सगळं छान चाललं होतं आणि छान चाललेल्या ठिकाणी माणूस फार ओळख काढत नाही. मग ते वर्ष आलं, शाळा बंद झाली, आणि पुढच्या जानेवारीत उघडली तेव्हा आधी सगळ्या शिक्षकांच्या नाकात काड्या घातल्या गेल्या. सगळे निगेटिव्ह निघाले. त्या आनंदात झाडे सरांनी पेढे वाटले, आणि पेढा मास्कवरून खाता येत नसल्यामुळे सगळ्यांनी मास्क काढून एकमेकांचं अभिनंदन केलं. स्टाफरूमच्या फरशीवर खडूनं गोल काढले होते, एका गोलात एक शिक्षक. आठवड्याभरात ते गोल चपलांनी पुसले गेले, आणि टेबलावरचा डब्यांचा गोल मात्र जुन्या जागी परत आला. मुलांना वर्गात एकमेकांचं पेनही घेऊ न देणारी मंडळी मधल्या सुटीत एकमेकांच्या वाटीत बोटं घालत होती. यात कोणाला विसंगती वाटली नाही. रोग हा मुलांमध्ये पसरतो, शिक्षक तो थांबवतात, अशी एकंदर समजूत होती.

फेब्रुवारीच्या मध्यावर स्टाफ मीटिंग झाली, त्यात एका कायम जागेचा विषय निघाला. त्या वेळी प्रेमानंद उभा राहिला आणि हळू आवाजात विचारता झाला, “सर, आरक्षणाच्या रोस्टरप्रमाणे ही जागा कोणाची आहे?” एवढंच. पण मीटिंगमध्ये अशी शांतता पसरली की खालच्या मजल्यावरचा प्यून शिंकला तो वर ऐकू आला. झाडे सर म्हणाले, “बघू, बघू.” त्यानंतरचा सोमवार. पूर्वपरीक्षेची सुपरव्हिजन संपवून माया उशिरा स्टाफरूममध्ये आली, हात धुतले, डबा घेतला, वळली, आणि दारातच थांबली. टेबल पाहिलं. डब्यांचा गोल टेबलाच्या अलीकडच्या टोकाला दाटीवाटीनं गोळा झाला होता. पलीकडच्या टोकाला, खिडकीजवळ, एकटा प्रेमानंद, समोर त्याचा एकटा स्टीलचा डबा, आणि मध्ये रिकामं लाकूड. कितीतरी वर्षांत टेबलाचं तेवढं लाकूड तिनं पाहिलं नव्हतं. तिला काही विचारायचं सुचलंच नाही. काय विचारायचं? ते तिला वाचता येत होतं. रोस्टरचा प्रश्न, त्यानंतरची शांतता, आणि आता हे. एकाखाली एक तीन ओळी, लहान पोरालाही बेरीज आली असती. तिच्या कानशिलात रुजू झाल्याच्या वर्षीचं रक्त जसंच्या तसं चढलं. तेव्हा कोणी उठून आपल्याजवळ आलं नव्हतं, हे तिला त्या क्षणापर्यंत आठवतंय हेच माहीत नव्हतं. ती चालत त्या टोकाला गेली, खुर्ची ओढली, मुद्दाम आवाज करून ओढली, मास्क काढून पर्समध्ये टाकला आणि न विचारता प्रेमानंदच्या डब्यातली वांग्याची भाजी आपल्या रोटीच्या तुकड्यानं उचलून तोंडात घातली. “मस्त आहे हो सर. घरी कोण करते?” हे तिनं टेबलाच्या अलीकडच्या टोकाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं. तिकडे दामिनी अर्धी उठली आणि बसली. मायानं तेही वाचलं. लाजल्या, असं तिनं वाचलं. प्रेमानंद म्हणाला, “मॅडम, राहू द्या न...” आणि तिनं तेही वाचलं. संकोच.

ती तीन दिवस तिथं बसली. त्या तीन दिवसांत तिच्या चालण्यात फरक पडला होता, आनंदरावांनाही दिसला. “काय झालं वं? आज लई उड्या मारून राहिली.” तिनं सगळं सांगितलं, थोडं वाढवूनही सांगितलं. आनंदराव गॅलरीत उभे राहून, सगळ्या श्वासानं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “शाब्बास!” आता ते तिला सगळ्यात जास्त लागत होतं. आजार लागणं काय, सगळ्या नागपुराला लागला. पण ती एक शाबासकी. आयुष्यभर तिनं काय केलं होतं? नद्या, पिकं, खनिजं, कडधान्यं. एकदाच ती उठून कोणाच्या शेजारी जाऊन बसली होती, आणि त्या बसण्याला ती मनात अधूनमधून हात लावून पाहायची, आजारातही, ऑक्सिजनची नळी नाकात असतानाही, आहे का जाग्यावर म्हणून. आता कळत होतं की टेबलाच्या अलीकडच्या टोकावर दहा-बारा शिकलीसवरलेली माणसं डबा खाता खाता ते पाहत होती. बाई विहिरीच्या काठाकडे चालली आहे, आणि तिची चाल मोठी डौलदार आहे, असं. आणि ज्याच्या शेजारी ती बसली, तो? ती एकेक घास आठवू लागली. दुसऱ्या दिवशी तिनं हिरव्या मिरच्यांचा ठेचा नेला होता, असा की आनंदरावांनीही ताट मागं सारलं असतं. प्रेमानंदनं तो पोळीला लोण्यासारखा लावून खाल्ला. डोळ्यात पाणी नाही, नाकात नाही. “छान आहे मॅडम,” म्हणाला. तिला केवढा आनंद झाला होता. आणि त्याच दिवशी त्याचे डोळे लाल पाहून तिनं विचारलंही होतं, “सर, बरं नाही का? ताप वगैरे?” तो म्हणाला होता, “नाही मॅडम. ऊन लागलं असन.” फेब्रुवारीत. नागपूरच्या माणसाला फेब्रुवारीत ऊन लागलं. ती हसली होती. विनोद म्हणून.

ती उठून प्रयोगशाळेत गेली. प्रेमानंद एका बरणीवरची धूळ पुसत होता. बरणीत कसलासा साप वर्षानुवर्षं गुंडाळून बसलेला. तिला पाहून तो उभाच होता तरी आणखी उभा राहिला. “या मॅडम. तुमचं अभिनंदन करायले येऊनच राहिलो होतो.” मायानं दार लावलं नाही, बसलीही नाही. “सर, सोमवारी तुम्हाला ताप होता.” तो बरणी पुसत राहिला. “होता.” “आणि झाडे सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं.” “हो.” बरणी स्वच्छ झाली होती, तरी फडकं फिरत होतं. “मले वाटलं मॅडम, तुमाले माहीत हाये. माहीत असूनच आल्या तुम्ही. मी घरी जाऊन बायकोलेही सांगितलं, असे लोक राहिले नाहीत म्हटलं.” माया म्हणाली, “मी दुसऱ्या दिवशी विचारलं होतं तुम्हाला.” फडकं थांबलं. खाली व्हरांड्यातून प्यून हॉलमध्ये खुर्च्या नेत होता, त्यांचे पाय फरशीवर घासत होते. प्रेमानंद बोलला, आणि आता त्याच्या बोलण्यातलं शाळेतलं सगळं गळून पडलं होतं. “काय सांगू मॅडम? घरी राहिलो तर जागा गेली, असं झाडे सर सरळ बोलले. आलो, तर सारे असे पाहून राहिले होते जसा मी मरूनच आलो. पानी प्यायले गेलो तर माठापासून हटले. आन् तुम्ही आल्या. डब्यात हात घातला. मले तं रडूच येऊन राहिलं होतं. सांगितलं असतं तर उठून गेल्या असत्या तुम्ही.”

“गेले असते,” माया म्हणाली. तिला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं, तो चढला नव्हता. “हो, उठून गेले असते. आणि तिथूनच झाडे सरांच्या केबिनमध्ये गेले असते भांडायला, की या माणसाला घरी जाऊ द्या. संध्याकाळी तुमच्या दारात डबा ठेवून बेल वाजवली असती. उठून जाणं आणि सोडून जाणं एकच असतं काय, प्रेमानंद? त्या दिवशी जेवून मी दहावीच्या वर्गावर गेले. तुमच्या शेजारून उठून. तीनही दिवस.” तिनं करिष्माचं नाव घेतलं नाही. त्यानंही विचारलं नाही, पण त्याचे डोळे बरणीवरून हलले. तो दोन पावलं पुढं आला आणि मग, सवयीनं की शरमेनं कोण जाणे, एक पाऊल मागं गेला. “ताई,” तो म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा. “ताई, आज हॉलमध्ये काही बोलू नका. माझा प्रस्ताव गेला हाये कायमचा. झाडे सरांची सही बाकी हाये. त्यांचं नाव निघालं न, तर माझं संपलं. पोरगी लहान हाये माझी. बाकीचे नाही समजणार. आपल्या माणसानं तरी समजून घ्या.”

आपल्या माणसानं. तर हाही ते ओळखत होता. टेबलाच्या त्या टोकाशी ती का आली हे स्टाफरूममध्ये फक्त एकाच माणसाला बरोबर समजलं होतं, पहिल्याच घासाला समजलं होतं, आणि त्यानं ते समजून, तोंड मिटून, तिला खाऊ दिलं होतं. बाकीच्यांनी तिला परकी म्हणून सांगितलं नाही. यानं आपली म्हणून सांगितलं नाही. मायाला हसू यायला लागलं, घशात कुठंतरी, खोकल्यासारखं. ज्या माणसांवर तिनं कधी विश्वास टाकला नव्हता त्यांचा तिला आता तितकासा राग येत नव्हता. ते जसे होते तसे वागले, आणि त्यांनी तिला निदान आश्चर्याचा धक्का दिला नाही. पण या बटण लावलेल्या बाह्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली. याची पोरगी लहान आहे. करिष्माही लहानच आहे. कोणाची पोर किती लहान, याचं काही प्रमाण नकाशात दिलेलं नसतं. “चला,” ती म्हणाली, “बोलावताहेत.” तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, आणि प्रेमानंदनं ते हो आहे असं वाचलं असावं, कारण त्यानं सुटकेचा श्वास टाकला. तोही वाचण्यात चुकू शकत होता.

हॉलमध्ये खुर्च्या अंतराअंतरानं मांडल्या होत्या आणि मंडळी त्या ओढून जवळजवळ बसली होती. झाडे सर मास्क हनुवटीवर घेऊन बोलत होते, कारण माइकला मास्क चालत नाही. संकट, संधी, शाळा हे एक कुटुंब. मग म्हणाले, “आणि गजभिये मॅडम! आपला सहकारी आजारी आहे हे माहीत असताना ज्यांनी त्याला एकटं पडू दिलं नाही, अशा गजभिये मॅडम!” म्हणजे ते आता भाषणातही गेलं होतं. त्यांनी तीन दिवस न सांगितलेली गोष्ट तिच्या शौर्यात जमा झाली होती, आणि त्यासाठी तिच्या अंगावर शाल पडली. जूनच्या त्या उकाड्यात लोकरीची. “दोन शब्द बोला मॅडम,” झाडे सर म्हणाले आणि माइक तिच्या हातात दिला. समोर तोंडं नव्हती, नुसते डोळे होते, एवढे सगळे डोळे. मागच्या रांगेत प्रेमानंदचे. तो अगदी बारीक, तिलाच दिसेल अशी, मान हलवत होता. नाही, नाही. मायाला आनंदराव दिसले, भिंतीला हात लावून रंग पाहणारे. संध्याकाळी ते विचारतील, काय म्हटलं वं त्यांनी सत्कारात, आणि ती काय सांगणार होती? ते पुन्हा शाब्बास म्हणतील, आता तेवढा दम नसताना. आणि करिष्मानं कधी पुन्हा फोन केला तर? ते येतं, हे एकदाच म्हणता आलं. माहीत असताना ते दुसऱ्यांदा म्हटलं तर ती खुर्ची ओढून टेबलाच्या अलीकडच्या टोकाला जाऊन बसली असं होईल, कायमची.

तिनं मास्क काढला नाही. “मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. आवाज सगळीकडे गेला. “मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिथं बसले नसते. वर्गातही गेले नसते.”

मग पहिल्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली, आणि टाळी ही अशी गोष्ट आहे की ती एकानं वाजवली की दुसऱ्याला हात नुसते ठेवणं अवघड जातं. सगळा हॉल वाजू लागला. दामिनी वाजवत होती. झाडे सर माइकशिवायच, पण माइकच्या आवाजात म्हणाले, “बघा! विनय बघा मॅडमचा! याला म्हणतात संस्कार!” तशा टाळ्या आणखी वाढल्या. मागच्या रांगेत प्रेमानंदही वाजवत होता, जोरात, सगळ्यांपेक्षा जोरात, आणि तिच्याकडे बघत नव्हता. झाडे सरांनी माइक घ्यायला हात पुढं केला. मायानं तो दिला नाही. तिनं खांद्यावरची शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली, माइक दोन्ही हातांनी नीट धरला आणि समोर बघत उभी राहिली. तिला घाई नव्हती. वर्ग शांत झाल्याशिवाय शिकवायला सुरुवात करायची नाही, हा तिचा पहिल्यापासूनचा नियम होता, आणि गोंगाट किती वेळ चालू शकतो हे तिच्याइतकं त्या हॉलमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं.